मसाल्याचं नाव काय ठेवायचं?

मी सांगलीत लेबलं करते. व्हिजिटिंग कार्डवर ग्राफिक डिझायनर असं छापलंय खरं, पण रोजचं काम म्हणाल तर मसाल्याची पाकिटं, पापडाची लेबलं, चहा पावडरचे पाउच, हळदीच्या बरणीचे स्टिकर, मधेच एखादं बुटीक नाहीतर मिसळवाला. फोन येतो तो असा, "मॅडम, लोगो करून पाहिजे होता." मी विचारते नाव काय आहे, तर समोरून हसून, "तेच तर ठरंना झालंय, तुम्हीच सांगा की दोन-तीन." मग लोगो राहतो बाजूला आणि व्हॉट्सॲपवर नावांची चर्चा सुरू होते, त्यात नवरा, दीर, पुण्यातली नणंद, मुलीच्या क्लासचे सर आणि शेवटी एक ज्योतिषी असे सगळे येतात आणि प्रत्येकाला आपलंच नाव भारी वाटत असतं.

हे बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगते. सुंदर नाव शोधायला निघालेली माणसं सगळी एकाच ठिकाणी पोचतात. जरा खडबडीत, जरा विचित्र वाटणारं पण दुसऱ्या कुणाकडे नसलेलं नाव लोकांच्या जास्त लक्षात राहतं. हे प्रत्येकाला फोनवर पटवताना माझी दमछाक होते, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतेय.

बहुतेकांची पद्धत बारशासारखीच असते. मुलगा आदित्य, मुलगी स्वरा, की लगेच 'आदिस्वरा फूड्स'. नवरा-बायकोच्या नावातली अर्धी अर्धी अक्षरं जोडून केलेली नावं तर विचारूच नका. घरच्यांना ते फार गोड वाटतं आणि वाटणारच, पण मी म्हणते जरा फोनवर ऑर्डर देऊन बघा. "हॅलो, आदिस्वरामधून बोलतेय." "कुठून?" "आदिस्वरा." "आदेश्वरा का? मंदिरातून का?" हे रोज करायचंय तुम्हाला, वर्षानुवर्षं. शिवाय आणखी एक मूल झालं की ते मोठं होऊन विचारतं माझं नाव कुठंय, हा वेगळाच भाग. यावर सगळ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं, "पण मॅडम, निरमा पण मुलीच्याच नावावरनं आहे की!" आहे ना. १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी मुलीच्या निरुपमा या नावावरून ते घेतलं. पण त्यांनी पाकिटावर निरुपमा छापलं नाही, ते आखूड करून तोंडात बसेल असं केलं, आणि साबण घेणाऱ्या बाईला त्या नावामागची गोष्ट माहीत असायची काही गरज ठेवली नाही. तुमच्या मुलांची अक्षरं जोडून बोलायला सोपं, ऐकायला स्वच्छ नाव निघत असेल तर खुशाल ठेवा, माझी काही हरकत नाही.

न्यूमरॉलॉजीवाले आणखी एक करून ठेवतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घाला नाहीतर शेवटचा 'आय' काढून डबल 'ई' करा म्हणजे आकडा जुळतो. मराठी बोर्डावर त्याने काडीचा फरक पडत नाही पण इन्स्टाग्रामवर शोधताना गिऱ्हाईक तो जादाचा 'ए' आणणार कुठून? ते आपलं साधं स्पेलिंग टाकणार आणि तिसऱ्याच कुणाच्यातरी पेजवर जाऊन ऑर्डर देणार.

मग देव. कुलदैवताचं नाव द्यायचं ही भावना मला पूर्ण समजते, माझ्या घरी पण कुठलंही काम ज्योतिबाचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. पण अंबाबाई, साई, स्वामी समर्थ, गजानन, सिद्धनाथ, खंडोबा या नावांची दुकानं एका गल्लीत चार सापडतील. आणि पाकिटाचं म्हणाल तर ते शेवटी कचऱ्यात जातं. एका कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर देवीचा मोठा फोटो हवा असा हट्ट होता, तेव्हा त्या घरातल्या आजीच मधे पडल्या, "रिकामं पाकीट गटारीत पडल्यावर देवीवर पाय कुणी द्यायचा गं?" विषय तिथंच संपला, मला काही बोलावं लागलं नाही.

कायद्याच्या बाजूनेही देवाधर्माच्या नावावर एकट्याची मालकी सहजासहजी सांगता येत नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात 'रामायण' नावाच्या अगरबत्तीचा वाद गेला होता, एकाला ते नाव ट्रेडमार्क म्हणून फक्त स्वतःसाठी पाहिजे होतं. कोर्टाने सांगितलं की धर्मग्रंथाचं नाव असं कुणा एकाला मक्त्याने देता येणार नाही. म्हणजे बघा, वर्षानुवर्षं तुम्ही त्या नावावर कष्ट करणार आणि शेजारच्या तालुक्यातल्याने तेच नाव घेतलं तर त्याला थांबवायला हातात फारसं काही नाही.

महापुरुषांच्या नावाचं त्याहून नाजूक. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्याने बंधन आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. संभाजी बिडीचं तर सगळ्यांनी पाहिलंच, किती जुना ब्रँड, पण लोकांचा रोष वाढला आणि २०२० मध्ये कंपनीला नाव बदलतो म्हणून जाहीर करावं लागलं. २०२२ पासून राज्यात असाही नियम आहे की दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या दुकानाला, हॉटेलला महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. हायवेवर गडाच्या नावाचा ढाबा काढणाऱ्यांनी परमिट रूमचा विचार असेल तर हे आधीच बघून ठेवावं.

आता खरा मुद्दा. मधे कुपवाडच्या एक ताई आल्या होत्या, घरगुती मसाले, तीन प्रकारची तिखटं, मेतकूट, भाजणी असं सगळं करतात, हाताला चव इतकी की त्यांनी सॅम्पल म्हणून दिलेलं मेतकूट आमच्याकडे दोन दिवसांत संपलं. त्यांचं नाव ठरलेलं होतं, 'अन्नपूर्णा'. मी म्हटलं बसा, बघूया. ट्रेडमार्कची सरकारी वेबसाइट आहे, तिथे कुणालाही फुकटात नाव शोधता येतं. क्लास, म्हणजे मालाचा गट, ३० टाकला कारण मसाले, चहा, पीठ, बिस्किटं हे सगळं त्यात येतं, नाव टाकलं, एंटर मारलं. आणि यादी सुरू झाली. खाली खाली जातच राहिली. पुढे काहीतरी जोडलेली अन्नपूर्णा, मागे काहीतरी जोडलेली अन्नपूर्णा, स्पेलिंगमध्ये एक एन असलेली, दोन एन असलेली, गुजरातची, बंगालची, तमिळनाडूची. ताई चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या जणींना माझ्याआधी सुचलं होय?" आणि त्यात हिंदुस्तान युनिलिव्हरसारख्या कंपनीने कित्येक वर्षं याच नावाने आटा आणि मीठ विकलंय हे सांगितल्यावर तर त्यांनी वहीच मिटली.

त्यांची वही मी बघितली. अन्नपूर्णा कापल्यावर खाली होतं सुरुची, रुचिरा, स्वाद, सुगरण, गृहलक्ष्मी, तृप्ती, माऊली, मातोश्री. एकही नाव वाईट नाही. पण ही यादी मी आजवर जितक्या बायकांच्या वह्यांत बघितली तितक्या वेळा ती जवळपास हीच होती, जणू सगळ्यांनी एकाच बाईची वही उतरवून घेतलीये. मुंबईत सरकारतर्फे महालक्ष्मी सरस भरतं, बचत गटांचं मोठं प्रदर्शन, तिथे एकदा स्टॉलच्या रांगेतून नुसतं बोर्ड वाचत चालून बघा. तिसऱ्या रांगेपर्यंत पहिल्या रांगेतलं कुठलं लोणचं आवडलं होतं ते चव आठवून शोधावं लागतं, नावावरून सापडत नाही.

आणि अलीकडची नवी लाट म्हणजे गावरान. गावरान तडका, चुलीवरचं मटण, वहिनीसाहेब, पाटलांचा वाडा, सरकार, राजे. पहिल्यांदा ज्याने ठेवलं असेल त्याला मानलं पाहिजे, त्यावेळी ते ताजं होतं. आता पुणे-बेंगलोर हायवेला साताऱ्यापासून कागलपर्यंत गाडीतून बघत या, पाट्या आलटून पालटून त्याच.

कायदा पण इथं आडवा येतो. वस्तूचं वर्णन करणारा शब्द, म्हणजे चविष्ट, शुद्ध, ताजं, घरगुती, किंवा वस्तू कुठली आहे ते सांगणारं गावाचं नाव, असं काही नुसतं रजिस्टर करायला गेलं तर ट्रेडमार्कवाले सहसा ऑब्जेक्शन काढतात. बरोबरच आहे, उद्या कुणी एकाने 'घरगुती' शब्द स्वतःच्या नावावर केला तर बाकीच्यांनी काय लिहायचं पाकिटावर?

पुण्यातल्या चहावाल्यांचं उदाहरण मला फार आवडतं. अमृततुल्य हा तिथला जुना प्रकार, पितळी पातेल्यातला, आलं-वेलची कुटून घातलेला चहा. ती दुकानं चालवणारी बरीच कुटुंबं मूळची राजस्थानातली आणि दुकानांची नावं देवादिकांची, पुढे अमुक आणि मागे अमृततुल्य. पिढ्यानपिढ्या चाललं. मग काही वर्षांपूर्वी येवले आले. त्यांनी काय केलं, तर तोच सगळ्यांचा शब्द घेतला आणि पुढे स्वतःचं साधं आडनाव लावलं. बघता बघता गावोगावी फ्रँचायझी झाल्या, आणि त्यांच्यामागे दुसऱ्या पन्नास जणांनी स्वतःचं काहीतरी आणि मागे अमृततुल्य असे बोर्ड लावले. कोण कुणाला अडवणार? अमृततुल्य सगळ्या बाजाराचं. येवल्यांचं काय, तर येवले. लोक पण म्हणताना "येवल्याचा चहा" म्हणतात.

म्हणून मी आडनावाच्या बाजूची आहे. हे बोलले की तरुण मुलं नाक मुरडतात, "काय मॅडम, जुनाट वाटतंय." अरे पण तुम्ही सांगलीत राहता ना? पु. ना. गाडगीळ, १८३२ साली याच सांगलीत सुरू झालेली पेढी. चितळे, आपल्या भिलवडीचे, १९३९ ची डेअरी आणि १९५० मध्ये पुण्यात दुकान. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे १९१० मध्ये आपल्याच भागातल्या माळरानावर कारखाना आणला तर गावाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं, रेल्वे स्टेशनसकट. यातल्या कुणीही बसून क्रिएटिव्ह नाव शोधलं नव्हतं. माल खराब निघाला तर लोक आपल्या घराच्या नावाने बोंब मारतील एवढी धास्ती त्या नावात आपोआप येते आणि गिऱ्हाइकाला ती कळते.

आता आडनावाचेही तोटे आहेत, ते लपवत नाही. एक तर पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी असलात तर 'पाटील मसाले' म्हणजे कुठले पाटील? कायद्यात प्रत्येकाला स्वतःचं नाव-आडनाव प्रामाणिकपणे वापरायची मोकळीक आहे, त्यामुळे दुसऱ्या पाटलाला तुम्ही सहजासहजी थांबवू शकत नाही. दुसरं, घर वाढलं की नाव वाटून घ्यायची वेळ येते. गाडगीळांचंच बघा ना, आज त्या आडनावाच्या वेगवेगळ्या पेढ्या आहेत आणि बाहेरगावच्या माणसाला कुठली कुणाची ते पटकन कळत नाही. तिसरं बायकांचं, माहेरचं लावायचं की सासरचं, यावरून मी माझ्या टेबलासमोर नवरा-बायकोची चांगली खडाजंगी बघितलीये.

आणि चौथं जे कुणी उघड बोलत नाही. आपल्याकडे आडनावावरून लोक जात काढतात. खाण्याच्या वस्तूवर तर हमखास. एक मुलगा माझ्याकडे आला होता, उत्तम शेंगदाणा चटणी आणि लसणाची चटणी, इंजिनिअर झालेला, नोकरी सोडून घरच्या धंद्यात आलेला. मी सवयीने म्हटलं आडनाव लावूया. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, आमचं आडनाव वाचून काही लोक पाकीट परत ठेवतील." त्यावर मी काय बोलणार? त्याला काही समजावायला जाणं हा शहाणपणा मला जमला नसता. चूक त्या पाकीट परत ठेवणाऱ्यांची आहे पण हप्ता भरायचाय याला. आम्ही त्याच्या वस्तीजवळच्या एका जुन्या विहिरीचं नाव घेतलं, स्थानिक लोकच म्हणतात ते, नकाशावर पण नाही. शोधलं तर त्या क्लासमध्ये एकही नव्हतं. लेबलवर विहिरीचा साधा रेषांचा गोल काढला. आता गिऱ्हाइकं त्याला फोन करून विचारतात ही विहीर कुठं आहे म्हणून, आणि बोलता बोलता चटणीची ऑर्डर होते.

आडनाव न लावता नावाला जरा वळण देऊनही करता येतं. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, १९५२ ची, केशव विष्णू पेंढरकरांची. त्यातला विष्णू आता कुणाला दिसत नाही पण विको म्हटलं की टूथपेस्ट डोळ्यासमोर येते. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला तेव्हा पहिला ब्रँड हॉर्स होता, मग कॅमल आला, आणि कॅमल इंक जोडून झालं कॅम्लिन. शाईच्या बाटलीवर उंट! मराठी दांडेकर, गिरगाव, आणि वाळवंटातला उंट, काही संबंध आहे का? आज माझ्याकडे कुणी शाईला उंटाचं नाव घेऊन आला तर घरचे त्याला वेड्यात काढतील. पण आपण सगळे त्याच उंटाची कंपासपेटी घेऊन शाळेत गेलो.

सुंदर अर्थाचं नाव चाललंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, लिज्जत आहे ना. ते नाव कसं आलं बघा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत हे नाव मात्र १९६२ मध्ये आलं, त्यासाठी आपसात स्पर्धा ठेवली होती आणि बक्षीस होतं पाच रुपये. म्हणजे आधी तीन वर्षं पापड विकून झाले होते. आमच्याकडे उलटं, नाव ठरंना म्हणून चार-चार महिने धंदाच सुरू होत नाही.

माझ्याकडे जे कुणी येतात त्यांना मी एक काम करायला लावते. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दहा-बारा जणांना विचारा, माझा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये कुठल्या नावाने सेव्ह केलाय? स्क्रीनशॉट मागवा. यातून जे निघतं ते कुठल्याही एजन्सीच्या बापाला सुचणार नाही. कुपवाडच्या ताईंनी मागवले तेव्हा त्यात 'मेतकूट काकू' होतं, 'तिखट कुपवाड', 'भाजणी ताई नवीन नंबर', आणि बऱ्याच जणींकडे 'घंटीवाल्या काकू'. मी म्हटलं घंटी काय भानगड? तर त्यांच्या गेटला बेल नाही, देवळातली असते तशी छोटी पितळी घंटा बांधलीये, ऑर्डर न्यायला आलेलं माणूस ती वाजवतं. त्यांना स्वतःला यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं! नंतर दोन दिवस घरात वाद झाला, मुलाला ते गावंढळ वाटत होतं, त्याला मागे 'फूड्स' पाहिजे होतं, शेवटी ताईंनीच ठणकावून सांगितलं की मसाला मी कुटते, नाव मी ठरवणार. लेबलवर घंटा आली, पिवळ्यावर तपकिरी. त्यांनी अजून रजिस्ट्रेशन केलं नाहीये म्हणून पूर्ण नाव इथे देत नाही.

लोकांनी ठेवलेलं नाव किती चालतं याचं माझ्या डोळ्यासमोरचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ठाण्याची मामलेदार मिसळ. तहसीलदार कचेरीच्या आवारातलं कँटीन, म्हणून मामलेदार. ब्रँडिंगच्या वर्गात कुणी सुचवलं असतं का की आपल्या खाण्याला सरकारी कचेरीचं नाव द्या? जिथे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो त्या कचेरीचं? पण तिखटजाळ मिसळीला ते नाव असं चिकटलं की आता दुसरं काही शोभणार नाही.

नाव ठरलं की मग लेबलची जागा. हे माझं रोजचं दुखणं आहे. शंभर ग्रॅमचं पाकीट म्हणजे तळहाताएवढं. त्यावर एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, घटक, पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं नियमाने टाकायचंच असतं. उरलेल्या जागेत 'श्री अमुक देवी महिला स्वयंसहाय्यता बचत गट, मुक्काम पोस्ट तमुक' हे एवढं नाव मोठ्या अक्षरात बसवून दाखवा म्हणतात. गटाचं नाव वेगळं आणि मालाचं नाव वेगळं असू शकतं हे पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. गटाचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात, पुढे दोन-तीन-चार अक्षरांचं मालाचं नाव. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रॅकवर तिसऱ्या फळीवर ठेवलेलं पाकीट काउंटरच्या अलीकडून वाचता आलं पाहिजे, मी खरंच प्रिंट काढून भिंतीला चिकटवून लांबून वाचायला लावते. जोडाक्षरं जास्त असली की लांबून त्याचा नुसता काळा गठ्ठा दिसतो. क्षुधाशांती नाव ठेवून बघा एकदा पाकिटावर, कळेल.

आणि क्यूआर कोड! नाव झकास, बोर्ड झकास, आणि गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की स्क्रीनवर येतं नवऱ्याचं नाव, कारण खातं त्याचं. मग गिऱ्हाईक थबकतं, "हे कुणाचं आलंय हो?" एक्झिबिशनला गर्दीत हे दिवसभर समजावत बसावं लागतं. त्यासाठी त्या नावाचं करंट अकाउंट लागतं आणि बँक त्या नावाचा पुरावा मागते, उद्यम सर्टिफिकेट म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, नाहीतर गुमास्ता म्हणजे दुकानाची. तेव्हा नाव एकदा ठरवलं की सगळ्या कागदांवर तेच, तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. पण उद्यम किंवा गुमास्ता निघालं म्हणजे नाव आपलं झालं असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. नावावरचा हक्क वेगळा, तो ट्रेडमार्कने पक्का होतो.

त्याचं पण थोडक्यात सांगते. ऑनलाइन अर्जाला एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला एका क्लाससाठी ४,५०० रुपये सरकारी फी आहे, मोठ्या कंपन्यांना ९,०००. वकिलाचे वेगळे. क्लास नीट बघा, मसाले ३० मध्ये पण लोणची २९ मध्ये जातात, कपडे २५, हॉटेल ४३. शोधताना नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायची सोय तिथेच आहे, फोनेटिक म्हणून, ती वापरा, कारण ऐकायला सारखं असलेलं नावही अडतं. अर्ज मान्य होऊन ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. रजिस्ट्रेशन मिळालं की दहा वर्षं चालतं, मग रिन्यू. तोवर नावापुढे 'टीएम' लिहायला कुणी अडवत नाही पण गोलातला 'आर' रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. "सगळे लावतात की मॅडम" म्हणणारे दर महिन्याला भेटतात. मी नाही लावून देत.

दुकान असेल तर बोर्डावर मराठी आधी आणि मराठी अक्षरं बाकीच्यांपेक्षा लहान नकोत, हे आता छोट्या दुकानांनाही लागू आहे. त्यामुळे इंग्रजी नाव ठेवणार असाल तर ते देवनागरीत लिहून आधी बघून घ्या. कॅफे काढणारी मुलं इंग्रजी फॉन्टवर प्रेम करून नाव ठरवतात आणि देवनागरीत लिहिल्यावर त्यांचं तोंड उतरतं.

राहता राहिला प्रश्न ज्यांचं नाव आधीच ठेवून झालंय आणि आता पस्तावलेत त्यांचा. बदलता येतं. पुण्यात फर्ग्युसन रोडची वैशाली आधी मद्रास हेल्थ होम होती, आज कुणाला आठवतंय? धंदा लहान आहे तोवर बदला, मोठा झाल्यावर फार महाग पडतं. प्लेन पाउचवर स्टिकर लावत असाल तर काहीच नाही, स्टिकर बदलला की झालं. पण छापील पाउच करून घेतले असतील तर प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर पाडलेला असतो, नाव बदललं की ज्या रंगात नाव आहे तो सिलिंडर तरी नवा लागतोच, आणि छापखानेवाला थोडेसे रोल छापून देत नाही. म्हणून नवीन नावाची घाई असेल तरी आधी गोदामात जाऊन जुने पाउच मोजा, ते संपत आले की कळवा. नव्या लेबलवर पहिले सहा-आठ महिने खाली बारीक अक्षरात 'पूर्वीचे अमुक' असं टाकूया, आणि रंग मात्र तोच ठेवूया, कारण किराणावाला ऑर्डर देताना नाव कधीच घेत नाही, तो म्हणतो "ते पिवळं पाकीट दोन डझन पाठवा."